नळीतून २ लिटर म्हणजे किती टक्के ऑक्सिजन?

सांजवेळ:
बाबांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे. घरी काँसन्ट्रेटर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन) आणलाय, नाकात नळी असते. डॉक्टरांनी मिनिटाला २ लिटरवर ठेवा आणि सॅच्युरेशन (रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजननं किती टक्के भरलंय ते) ८८ ते ९२ राहू द्या, असं लिहून दिलंय. ऑक्सिमीटरवर ९० दिसलं की घरात सगळ्यांचा जीव वरखाली होतो. भाऊ म्हणतो, मशीन ५ लिटरपर्यंत जातं, मग हात आखडता कशाला? शिवाय मशीनवर ९३ टक्के शुद्धता लिहिलीय. म्हणजे बाबांना ९३ टक्के ऑक्सिजन मिळतोय का?

श्वसनमित्र:
मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टक्क्यांचं बघू. ९३ टक्के हे मशीनच्या तोंडाशी. शांत बसलेला माणूस श्वास आत घेतो तेव्हा हवेचा वेग मिनिटाला ३० लिटरच्या आसपास असतो. नळीतून त्यातले फक्त २ लिटर येतात, उरलेले २८ लिटर खोलीतली साधी हवा, म्हणजे २१ टक्क्यांची. गणित केलं तर मिश्रण २६ टक्क्यांच्या आसपास येतं. दोन श्वासांच्या मधे नाकात आणि घशात थोडा ऑक्सिजन साठतो, म्हणून व्यवहारात आम्ही २ लिटरला २८ टक्के धरतो आणि पुढच्या प्रत्येक लिटरला साधारण ४ टक्के वाढवतो.

पण हा अंदाजच. बाबांना धाप लागली आणि ते मिनिटाला ६० लिटर वेगानं हवा ओढू लागले, तर त्याच २ लिटरचे जेमतेम २४ टक्के होतात. काटा जागचा हलत नाही, मिळणारा ऑक्सिजन मात्र घटतो. म्हणून दवाखान्यात नेमके टक्के हवे असले की व्हेंच्युरी मास्क लावतात. २८ टक्क्यांच्या मास्कमध्ये ऑक्सिजनच्या १ भागामागे हवेचे १० भाग खेचले जातात. ४ लिटर सोडले की एकूण ४४ लिटर चेहऱ्याशी येतात आणि पेशंटला बाहेरची हवा फारशी ओढावी लागत नाही.

आता ९० ची भीती. ९० टक्के सॅच्युरेशन म्हणजे धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब साधारण ६० मिलिमीटर पारा. तो १०० वर नेला तरी सॅच्युरेशन ९७-९८ वरच जातं. हिमोग्लोबिन आधीच बहुतेक भरलेलं असतं, त्यामुळे कमाई थोडीच.

आणि सीओपीडीत तोटा मोठा होऊ शकतो. फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसून राहतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. शरीराची ही व्यवस्था फार सुंदर आहे. जास्तीचा ऑक्सिजन दिला की त्या वाहिन्या सैल होतात आणि रक्त पुन्हा कोंदट भागात शिरतं. तिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. त्यात ऑक्सिजन धरताना हिमोग्लोबिन आपल्याकडचा कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि काही पेशंटचा श्वासही मंदावतो. कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि ऑक्सिमीटर तर ९८ दाखवतो! कार्बन डायऑक्साइड त्याला दिसतच नाही, त्यासाठी धमनीतल्या रक्ताची एबीजी तपासणी लागते.

सांजवेळ:
काल रात्री भावानं ४ वर ठेवलं होतं. आज सकाळी बाबा डोकं दुखतंय म्हणाले आणि सारखी झापड येतेय.

श्वसनमित्र:
आत्ता डॉक्टरांना फोन करा, उद्यावर टाकू नका. हीच लक्षणं कार्बन डायऑक्साइड साठल्याची असू शकतात. ऑक्सिजन एकदम बंद मात्र करू नका, सॅच्युरेशन झपाट्यानं कोसळतं. ऑक्सिमीटर बोटाला ठेवूनच प्रवाह कमी करत लिहून दिलेल्या २ लिटरवर आणा आणि ८८ ते ९२ मध्ये राहतंय ना बघा. बाबा नीट जागे होत नसतील, असंबद्ध बोलत असतील, तर थेट इस्पितळ गाठा.

उत्सुक:
सांजवेळ, आधी फोन करा, बाकीचं नंतर वाचा. श्वसनमित्र, आमच्याकडे वीज गेली तर म्हणून सिलिंडर आहे. तो किती वेळ पुरेल हे कसं काढायचं?

श्वसनमित्र:
रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं १६६२ मध्ये मांडलेला नियम इथे कामाला येतो: तापमान तेच असेल तर दाब गुणिले आकारमान कायम राहतं. सिलिंडरवर त्याची पाण्याची क्षमता कोरलेली असते. ती १० लिटर असेल आणि गेज १५० बार दाखवत असेल, तर आत साधारण १५०० लिटर वायू आहे. २ लिटरनं ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. गेज ५० वर आलं की ४ तासांहून थोडंच जास्त उरतं, तेव्हाच दुसऱ्याची सोय करा.

फ्लो-मीटरमध्ये गोळी असेल तर तिचा मध्य रेषेवर हवा. व्हॉल्व्हला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. नाकाला कोरड पडली तर व्हॅसलिन नको, पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड) जेल लावा. आणि त्या खोलीत विडी-सिगारेट, निरांजन, उदबत्ती काहीही पेटलेलं नको.

सांजवेळ:
डॉक्टरांशी बोलले. लगेच आणा म्हणाले, एबीजी करणार आहेत. भाऊ गाडी काढतोय.

श्वसनमित्र:
रात्री ४ लिटर किती तास चालू होता, ते तिथे गेल्याबरोबर सांगा.