मदत हवी आहे: जुन्या मेकॅनिकल कीबोर्डच्या स्प्रिंगा कुठे मिळतील? (तातडीचे)

रेवा_का
जुना मेकॅनिकल कीबोर्ड दुरुस्त करतेय. काही बटणं मेली आहेत, स्प्रिंगा बदलायला हव्यात. पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारून झालं, सगळ्यांचं एकच, "नवीन घ्या ना मॅडम." नवीन नकोय. ऑनलाइन शंभराच्या पाकिटात येतात त्या यात बसणार नाहीत हे नुसतं बघूनच कळतंय. पुण्यात किंवा मुंबईत कुठे मिळतील? गणपतीच्या आत चालू करायचाय. खात्रीने माहीत असेल त्यांनीच लिहा, प्लीज.

टंकमित्र
कुठला कीबोर्ड ते लिहिलंच नाहीत. टीव्हीएस गोल्ड असेल तर स्प्रिंगेच्या मागे लागू नका. त्यात प्रत्येक बटणाखाली चेरी कंपनीचा निळा स्विच असतो, बिघडला की अख्खा स्विच बदलायचा. सोल्डर वितळवून जुना काढा, नवा लावा, पाच मिनिटांचं काम. आमच्या डीटीपीच्या दुकानात एक बंद पडलेला गोल्ड खास सुट्या भागांसाठी ठेवलेला असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुने मिळून जातात.

सह्यकडा७
ताई, रोज टायपिंग असेल तर असले जड कीबोर्ड मनगटाला वाईट. मला दोन वर्षं फिजिओथेरपी करावी लागली. बुटक्या बटणांचा वायरलेस घ्या आणि मनगटाखाली उशी ठेवा. तळहात टेबलावर टेकवून टाइप करू नका.

रेवा_का
टीव्हीएस नाही, आयबीएमचा आहे. पांढरट, भलताच जड, गुंडाळीची वायर. मनगट ठीक आहे. स्प्रिंगांचं कोणी सांगेल का?

खटक्याचा_नाद
आयबीएमने पण एकच कीबोर्ड काढलेला नाही. १९८१ च्या पहिल्या पीसीबरोबर आला तो मॉडेल एफ, १९८५ पासूनचा मॉडेल एम. दोन्हींत बटणाखाली वाकणारी स्प्रिंग, पण खालची रचना निराळी. एफमध्ये कपॅसिटिव्ह पॅड, एममध्ये प्लास्टिकची मेंब्रेन, म्हणजे विजेच्या रेघा असलेला पातळ पडदा. त्यामुळे आधी एवढं सांगा:

मागच्या लेबलवर पार्ट नंबर आणि तारीख काय आहे?
कुठली बटणं मेलीत?
मेलेलं बटण दाबल्यावर "टक्" आवाज येतो का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आवाज येतो आणि अक्षर उमटत नाही, तर स्प्रिंग बहुधा ठणठणीत आहे. आवाजच नसेल तर स्प्रिंगेकडे बघायचं. एक आडवी किंवा उभी ओळ सबंध गेली असेल तर मेंब्रेनवरची रेघ तुटलीय किंवा तिची पट्टी सॉकेटात नीट बसलेली नाही.

भोसरीकर
इतका विचार कशाला? भोसरी एमआयडीसीत स्प्रिंगा वळून देणारी छोटी युनिट्स आहेत. चांगली स्प्रिंग नमुना म्हणून न्या. तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेटोळी, मोकळी लांबी मोजून पियानो वायरमध्ये करून देतात. मी मशिनरीसाठी कायम करून घेतो. पाच-दहा नगांसाठी कोणी सेटिंग लावत नाही, निदान पाचशेची तयारी ठेवा.

खटक्याचा_नाद
भोसरीकर, मशिनच्या स्प्रिंगेला हे शंभर टक्के चालेल. इथे स्प्रिंग नुसती दबून भागत नाही. बटण खाली जाताना ती आधी सरळ दबते, मग ठराविक जागी एकदम कडेला वाकते आणि नळीच्या भिंतीवर आपटते. तो आपटण्याचा आवाज म्हणजे टक्. त्याच क्षणी खालचा हॅमर, म्हणजे स्प्रिंग ज्यावर बसते तो छोटा तुकडा, कलतो आणि मेंब्रेन दाबतो. तार किंचित जाड झाली किंवा लांबीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी बटण जड होतं, नाहीतर वाकण्याची वेळ चुकते आणि टक् होऊनही अक्षर येत नाही.

भोसरीकर
टॉलरन्स पाळता येतो साहेब. आम्ही बैलगाडीचे सुटे भाग बनवत नाही. ड्रॉइंग द्या, तपासून देतो.

टंकमित्र
भोसरीकरांना अनुमोदन. आमच्याकडच्या गोदरेज टाइपरायटरच्या स्प्रिंगा अशाच करून घेतल्या होत्या, अजून चालताहेत.
अवांतर: गोदरेजने १९५५ ला देशी टाइपरायटर आणला आणि शेवटी शेवटी ते आपल्या शिरवळला बनत होते, हे नव्या पोरांना माहीतही नसतं. मराठी रेमिंग्टन मांडणीवर ज्यांची बोटं बसलीत त्यांना इनस्क्रिप्ट ही दुसरी मांडणी कधीच जमणार नाही.

खटक्याचा_नाद
टाइपरायटरच्या टाइपबारची स्प्रिंग ओढीची असते, दोन्ही टोकांना आकडे. ही दाबाची. एकीवरून दुसरीचा अंदाज नाही बांधता येत.

पूर्वा_जो
इनस्क्रिप्ट जमणार नाही हे कोणी सांगितलं? मी रेमिंग्टनवर परीक्षा दिली आणि नंतर महिन्याभरात इनस्क्रिप्टवर आले. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, एकदा हे डोक्यात बसलं की हात आपोआप जातात. शिवाय सगळ्या भारतीय लिप्यांना मांडणी तीच.

टंकमित्र
तुमचं वय किती होतं? चाळिशीनंतर बदलून दाखवा.

रेवा_का
कृपया मांडणीचा वाद दुसऱ्या धाग्यावर न्या.
लेबलवर १३९१४०१ आहे, साल १९९२. वडिलांच्या कंपनीने जुने कॉम्प्युटर काढून टाकले तेव्हा त्यांनी मागून आणला होता. बॅकस्पेस, टी आणि उजवीकडच्या आकड्यांतली काही बटणं: टक् होते, अक्षर नाही. क्यू आणि एफ ४: टक् पण नाही, नुसती पोकळ दबतात. आणि हलवला की आत काहीतरी खुळखुळतं. हे आधी लिहिलं नव्हतं कारण स्प्रिंगा बदलताना काढणारच होते.

खटक्याचा_नाद
खुळखुळणं हाच मुख्य आजार आहे!
१३९१४०१ म्हणजे मॉडेल एमचा सगळ्यात जास्त खपलेला प्रकार. १९९२ चा, म्हणजे तेव्हा तो लेक्समार्क कंपनी आयबीएमसाठी बनवत होती. यात वरची प्लास्टिकची चौकट आणि खालचा लोखंडी पत्रा प्लास्टिकच्या रिव्हेटांनी एकत्र धरलेले असतात. पन्नासच्या वर रिव्हेट असतात. वयाने प्लास्टिक ठिसूळ होतं आणि त्यांची डोकी तुटून आत फिरत राहतात. तेच वाजतंय. ज्या भागात जास्त तुटलेत तिथे पत्रा सैल पडतो, हॅमर आपटतो पण मेंब्रेनवर हवा तेवढा दाब बसत नाही. बॅकस्पेस आणि आकड्यांची बटणं एकाच बाजूची आहेत, बघा. तिथे नव्या स्प्रिंगा घालून काडीचाही फरक पडणार नाही.

क्यू आणि एफ ४ वेगळे. त्यांची वरची टोपी काढा, खाली पांढरा दांडा राहील, तोही सरळ वर ओढा. नळीत टॉर्च मारा. स्प्रिंग आहे का, गंजलीय का, तिचं डोकं कुठे झुकलंय? ते मागच्या बाजूला, म्हणजे तुमच्यापासून लांब झुकलेलं हवं. दांडा परत बसवताना कीबोर्ड उभा धरा, स्पेसबार वर. स्प्रिंग आपोआप योग्य बाजूला पडते, मग दांडा घाला. पुष्कळदा एवढ्यानेच टक् परत येते.

ओहायोची_माया
स्प्रिंग खरंच लागली तर अमेरिकेतल्या युनिकॉम्पकडे विचारा. १९९६ साली लेक्समार्कने हा धंदा सोडला तेव्हा त्यांनी घेतला, केंटकीत अजून याच पद्धतीचे कीबोर्ड बनवतात, सुटे भागही देतात. स्प्रिंग आणि हॅमरची जोडीच मागवा. मी ऑगस्टमध्ये पुण्याला येतेय, छोटं पाकीट बॅगेत सहज मावेल. निरोप पाठवा.

यूएसबीवाला
चालू झाल्यावर नव्या लॅपटॉपला लावायला पीएस-टूचा (जुन्या गोल पिनचा) यूएसबीला जोडणारा साधा जांभळा कनेक्टर घेऊ नका, तो नुसता तारा जोडतो. आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्या. या जुन्या कीबोर्डांना करंट जास्त लागतो, स्वस्तातले कन्व्हर्टर मध्येच झोपतात.

रेवा_का
ते नंतर बघते.
एफ ४ सुरू झाला! स्पेसबार वर धरून दांडा बसवला, लगेच टक्. क्यूची स्प्रिंग मात्र खालच्या दोन-तीन वेटोळ्यांत तांबूस झालीय, चिमट्याने हलवल्यावर तिथेच मोडली. माया, जोडी आणाल का? दोन सांगते, एक जास्तीची राहू दे.
मागचे चार स्क्रू कशाने उघडायचे? खोल आहेत, षटकोनी डोकी, साधा पाना आत जात नाही.

भोसरीकर
साडेपाच मिमीचा लांब नट ड्रायव्हर, पातळ भिंतीचा. रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल. भिंत जाड असेल तर भोकात शिरणार नाही, दुकानात हातात घेऊनच बघा.

खटक्याचा_नाद
बरोबर. उघडल्यावर पत्र्याच्या मागे रिव्हेटांचे फोटो काढून इथे टाका. पाच-सातच तुटले असतील तर तेवढ्याच जागी स्क्रू बसतील. अर्धे गेले असतील तर सगळेच छिलून काढा, १.६ मिमीच्या ड्रिलने खुंटांत भोकं पाडा आणि एम २ (२ मिमी जाडीचे), ८ मिमी लांबीचे स्क्रू-नट लावा. ड्रिल हातानेच, सावकाश. तिरपं गेलं तर शेजारची नळी फुटते आणि नळी काही मिळत नाही.
क्यूचा हॅमर पत्रा काढल्यावरच बदलता येईल, म्हणून मायाताईंचं पाकीट हातात येईपर्यंत पत्रा काढू नका. पत्रा निघाला की शंभरावर हॅमर मोकळे होतात.

रेवा_का
ऑगस्टपर्यंत थांबायचं?? बाकीचं तोवर करून टाकलं आणि क्यूसाठी परत उघडलं तर?

खटक्याचा_नाद
स्क्रू असतील तर परत उघडता येतं, पण हॅमर दुसऱ्यांदा रांगेत बसवायला अख्खी संध्याकाळ जाते. तेवढी तयारी असेल तर करा. क्यू सध्या कमी लागणाऱ्या बटणाखालच्या स्प्रिंगेवर चालवता येईल. पॉज किंवा स्क्रोल लॉकची काढा आणि तिकडे लावा.

भोसरीकर
ती मोडलेली क्यूची स्प्रिंग फेकू नका. तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजून इथे लिहितो.