अनुभव धागा: पायांचं काम हातांनी – अपंगत्व आणि वैमानिकाची खुर्ची

धागाकर्ता

अपंग माणसाने विमान चालवलं की बातमी 'जिद्द' आणि 'आकाशाला गवसणी' या दोन शब्दांवर संपते. हा धागा त्याच्या पुढच्या गोष्टींसाठी काढलाय. शिकवणारे, विमानात बदल करणारे, वैद्यकीय बाजू पाहणारे, स्वतः उडवणारे अशा सगळ्यांनी लिहावं. स्वतःची कहाणी नको. काय बसवायचं, कुठे अडतं, का अडतं, ते हवं.

सुरुवात मीच करतो. ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडर यांचे दोन्ही पाय 1931 च्या अपघातात गेले आणि पुढे ते लढाऊ विमानं चालवू लागले. सोव्हिएत वैमानिक अलेक्सेई मारेसेव 1943 मध्ये कृत्रिम पायांनी आघाडीवर परतले. ही दोन उदाहरणं ऐकवून 'बघ, त्यांना जमलं' म्हणणारे एक गोष्ट विसरतात. दोघांच्याही मांड्यांत ताकद होती, त्यामुळे पेडल दाबता येत होतं. मणक्याच्या दुखापतीने कमरेखालचं काहीच हलत नसेल, तर तो प्रश्न निराळा आणि त्याचं उत्तरही निराळं.

प्रतिसाद – विमान दुरुस्ती

छोट्या विमानात पाय तीन कामं करतात: रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) हलवणं, जमिनीवर पुढचं चाक वळवणं आणि ब्रेक. पायपर पीए-28 हे छोटं विमान या कामासाठी इतकं वापरलं जातं त्याचं कारण यातच आहे. त्यात पुढचं चाक रडरच्या पेडलांनाच जोडलेलं असतं आणि पॅनेलखाली मधोमध हाताने ओढायचा ब्रेक असतो. म्हणजे पेडल हाताने हलवायची सोय झाली की तिन्ही कामं भागली.

ती सोय म्हणजे पेडलला क्लॅम्पने पकडलेला एक दांडा आणि वर मूठ. ढकललं की एक बाजू, ओढलं की दुसरी. दोन्ही पेडलं आतून जोडलेली असल्याने एकाच पेडलवर पकड पुरते, पण ती ढकलताना आणि ओढतानाही घट्ट राहायला हवी. क्लॅम्प जरा सैल असला की मधे मोकळी हालचाल येते. हात हलतो, रडर हलत नाही. हवेत ते खपून जातं. धावपट्टीवर विमान सरळ ठेवताना मात्र नागमोडी चाल सुरू होते.

बसवल्यावरची तपासणी: योक (हाताने धरायचं विमानाचं चक्र) पूर्ण मागे आणि पूर्ण डावीकडे, मग पूर्ण मागे आणि पूर्ण उजवीकडे. प्रत्येक वेळी दांडा टोकापासून टोकापर्यंत हलवून बघायचा. मूठ योकला किंवा गुडघ्याला अडत असेल तर ती याच दोन जागी अडते. ही तपासणी विद्यार्थी खुर्चीत बसलेला असताना करायची. रिकाम्या खुर्चीत सगळंच मोकळं वाटतं.

आणि हो, वेल्डिंगवाल्याकडून दांडा करून आणू नका. मंजूर आराखडा आणि विमानाच्या नोंदवहीत नोंद, दोन्ही लागतात.

प्रतिसाद – उड्डाण प्रशिक्षक

वरच्या प्रतिसादाला जोडून. पाय दोन आणि हात दोन असताना चार अवयवांत वाटलेलं काम आता दोन हातांवर येतं. डावा हात योकवर, उजवा रडर आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) यांच्यामध्ये ये-जा करतो. एरवी निभतं. कस लागतो तो आडव्या वाऱ्यात उतरताना.

शिकवायचा क्रम असा: उतरण्याच्या अंतिम टप्प्यात वेग लवकर ठरवून ट्रिम (योकवरचा सततचा जोर काढून टाकणारी सोय) नीट लावायचा, म्हणजे डाव्या हाताला फक्त बारीकसारीक उरतं. थ्रॉटलचं फ्रिक्शन (त्याला जागेवर धरणारा अटकाव) थोडं आवळायचं, सोडल्यावर ते सरकू नये म्हणून. धावपट्टी नक्की गाठतोय अशी खात्री झाली की थ्रॉटल बंद आणि उजवा हात रडरवर, तो चाकं टेकून वेग उतरेपर्यंत तिथेच.

फसतं कुठे? ऐनवेळी उतरणं सोडून परत वर जायचं ठरलं तर हाताला रडरवरून थ्रॉटलवर यावं लागतं. पूर्ण ताकद दिली की विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं, म्हणजे रडर हवाच. म्हणून थ्रॉटल पुढे, लगेच हात रडरवर, मग फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेचे, खाली सोडता येणारे भाग), हा क्रम जमिनीवर डोळे मिटून येईपर्यंत घटवायचा. काही बांधण्यांत रडरच्या मुठीवरच पिळायचं थ्रॉटल असतं, मोटरसायकलसारखं. मिळालं तर तेच घ्या.

सुरुवातीची आडव्या वाऱ्याची मर्यादा इतर विद्यार्थ्यांपेक्षा कमी ठेवायची. त्यात लाज कसली?

आणखी एक. 'परत वर जातोय' हे विद्यार्थ्याने म्हणायचं. विमानाच्या प्रमुख वैमानिकाचा निर्णय कायद्याने शेवटचा असतो. ज्याच्या वतीने सतत दुसरेच ठरवत आलेत, त्याच्याकडून हे वाक्य सहजासहजी निघत नाही. तो आपल्या तोंडाकडे बघत थांबतो. प्रशिक्षकाने, सुरक्षित असेतोवर, गप्प बसायचं.

प्रतिसाद – फिजिओथेरपी

विमानात चढण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. बरेच जण तिथेच अडतात.

पीए-28 ला दार एकच, तेही उजव्या पंखावर. म्हणजे पंखावर बसायचं, पाठमोरं सरकत वर जायचं, उजवी खुर्ची ओलांडून डावीकडे पोचायचं. आधी फ्लॅप पूर्ण वर आहेत का बघा. वर असताना उजवा फ्लॅप पायरीसारखं वजन घेतो, खाली सोडलेला घेत नाही. सगळ्यांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. पंखावरची चालायची पट्टी घसरू नये म्हणून खरखरीत असते, थेट सँडपेपर. संवेदना नसलेली कातडी तिच्यावरून घासली तर सोलून निघते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. ऊन असेल तर धातू तापलेला असतो, त्याचा चटकाही कळत नाही. सरकायच्या वाटेवर जाड गादी अंथरा. दिवस संपल्यावर आरशात कातडी पाहणं चुकवू नका, कारण तिथली जखम भरायला आठवडे जातात आणि तेवढे दिवस बसणं बंद, म्हणजे उडणंही बंद.

पाय पेडलांपासून दूर पट्ट्याने बांधायचे. स्नायूंना झटका येऊन पाय पेडलवर ताठ झाला तर तो हाताने हटत नाही.

मणक्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा वर असेल तर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया ही भानगड वैमानिक आणि प्रशिक्षक दोघांना पाठ हवी. भरलेलं मूत्राशय, मुरगळलेली कॅथेटरची नळी, फार आवळलेला पट्टा, एवढ्यानेही रक्तदाब भडकतो. खुणा: ठणकणारं डोकं, चेहऱ्यावर लाली, इजेच्या वरच्या भागाला घाम. लगेच ताठ बसवा, पट्टे सैल करा, नळी मोकळी करा आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा. डोकेदुखी बसेल म्हणून वाट पाहू नका.

प्रतिसाद – ग्लायडर

ग्लायडरमध्ये इंजिन नाही, म्हणजे एका हाताचं काम कमी, असं वाटतं. तसं नाही. डाव्या हाताला आता रडरचा लीव्हर आणि एअरब्रेकचा (पंखांवर उघडून ग्लायडर खाली उतरवणाऱ्या पट्ट्यांचा) निळा लीव्हर, दोन्ही आले. शिकवताना एअरब्रेक आधीच साधारण अर्धे उघडून उतरणीचा कोन बसवून घ्यायचा, म्हणजे शेवटी हात रडरला मोकळा राहतो. सोडल्यावर ब्रेक जागेवर राहतात की आपोआप उघडतात-मिटतात, हे त्या ग्लायडरवर उंचीवर असतानाच करून बघा. एएसके 21 या दोन जणांच्या ग्लायडरसाठी हाताच्या रडरची जोडणी उत्पादकाकडूनच मिळते, म्हणून क्लब तेच धरतात.

पाय नसलेल्या वैमानिकाबाबत वजनाचा हिशेब चुकतो. ग्लायडरमध्ये पाय लांब पुढे पसरलेले असतात. ते वजन गेलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि नाक वर-खाली करताना ग्लायडर नको तितका चपळ होतो. माणसाचं एकूण वजन कॉकपिटमधल्या पाटीवरच्या वैमानिकाच्या किमान वजनापेक्षा जास्त भरलं तरी वाटणी बदललेली असते. पुढे शिशाची वजनं लावायची. कृत्रिम पाय घालून उडणार की काढून, ते ठरवून त्याच अवस्थेत वजन करायचं आणि मग बदलायचं नाही.

पॅराशूटबद्दल खरं बोला. पायांत ताकद नसताना कॉकपिटमधून उडी टाकणं अवघडच. नोआ नावाच्या यंत्रणेत हवेची पिशवी फुगून वैमानिकाला कॉकपिटच्या काठापर्यंत उचलते. ती नसेल तर जोखीम समजून सही करायची.

प्रतिसाद – फिजिओथेरपी

खुर्चीतल्या उशीबद्दल राहिलंच: हवेच्या कप्प्यांची उशी घेऊन उंच जाऊ नका. 2400 मीटरवर हवेचा दाब जमिनीच्या सुमारे तीनचतुर्थांश असतो, म्हणजे बंद हवा जवळजवळ एक-तृतीयांश फुगू पाहते. उशी टणक होते. मग कोणी वरच हवा सोडतो आणि खाली आल्यावर उशी सपाट, हाड थेट खुर्चीवर. मऊ गुबगुबीत उशीही नको, आपटलं तर ती स्प्रिंगसारखी मणक्यावर उलटते. धक्का शोषणारा, हळूहळू दबणारा फोम घ्या.

प्रतिसाद – कर्णबधिर वैमानिकांसाठी

सगळा धागा पायांवरच चाललाय! 1911 मध्ये अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत विमानाने पहिल्यांदा ओलांडणारे कॅल रॉजर्स यांना ऐकायला कमी येत होतं.

अमेरिकेत पूर्ण बहिऱ्या माणसाला परवाना मिळतो, फक्त रेडिओ लागणाऱ्या उड्डाणांना मनाई असते. नियंत्रण मनोरा असलेल्या ठिकाणी आधी कळवून प्रकाशाच्या खुणांवर काम होतं. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा, लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घाला, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ धोक्याचा, उतरू नका. दिवसा पंख हलवून पोच द्यायची.

स्टॉलचा (वेग फार कमी होऊन पंख विमान उचलेनासे होण्याचा) इशारा देणारा भोंगा ऐकू येत नाही, म्हणून दिवा असलेलं विमान निवडा आणि योकला जाणवणारी थरथर ओळखायला शिका. इंजिनाचं बिनसलेलं हाताला कळतं, पण आरपीएमच्या (इंजिनाच्या फेऱ्यांच्या) काट्यावर नजर फिरवायची सवय हवी. प्रशिक्षकाने सगळं बोलणं उड्डाणाआधी उरकायचं. हवेत चार-पाच ठरलेल्या खुणा पुरतात, 'नियंत्रण माझ्याकडे' ही सगळ्यांत आधी ठरवायची.

प्रतिसाद – पॅराग्लायडिंग, दोघांचं

चाकांच्या खुर्चीतून उड्डाण घेताना उतार गुळगुळीत हवा, दगड-खड्डे नकोत. वारा समोरून आणि एकसारखा. दोन्ही बाजूंनी एकेक मदतनीस, ढकलणारे नव्हे, सरळ ठेवणारे. खुर्ची उलटते ती बहुतेक उतरताना, वाऱ्यात तिरकी टेकल्यामुळे. म्हणून शेवटच्या काही मीटरांत वळण नाही. पाय पायठेवणीच्या खाली लोंबत नाहीत ना ते दोनदा पाहा. उतरल्यावर बूट काढून घोटे तपासा, मोडलेलं हाड दुखेलच असं नाही.

प्रतिसाद – उड्डाण प्रशिक्षक

हात नसलेल्यांबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) आला होता. जन्मतः हात नसलेल्या जेसिका कॉक्स यांना 2008 मध्ये परवाना मिळाला, एर्कूप विमानावर, पायांनी. त्या विमानाची रचनाच अशी की रडर योकशी जोडलेला असतो, पेडलं वेगळी नसतात. आडव्या वाऱ्यात ते तिरकंच उतरवतात आणि चाकांची बांधणी तो झटका सोसते. विमान निवडण्यातच अर्धी लढाई झाली.

अमेरिकेतल्यांसाठी इशारा: स्पोर्ट पायलटला (छोट्या विमानांपुरता परवाना असलेल्याला) वाहनपरवाना वैद्यकीय दाखल्याच्या जागी चालतो. पण आधी वैद्यकीय दाखल्यासाठी अर्ज करून तो नाकारला गेला असेल तर हा रस्ता बंद होतो. आधी सल्ला, मग अर्ज.

प्रतिसाद – नवीन सभासद

एक शंका. एकटं उडून दुसऱ्या धावपट्टीवर उतरलं तर व्हीलचेअर कुठून आणायची?

प्रतिसाद – विमान दुरुस्ती

सोबत न्यायची. झटक्यात निघणाऱ्या चाकांची, घडीची खुर्ची मागच्या सीटवर. चाकं वेगळी, सांगाडा वेगळा, दोन्ही सीटच्या पट्ट्यांनी बांधून. मोकळी ठेवलीत तर धक्क्याला पुढे येऊन दांड्यात अडकेल. खुर्चीचं वजन हिशेबात धरा. आणि चढायच्या आधी ती मागे टाकायला माणूस लागतो, उतरल्यावर काढून द्यायलाही. तेव्हा निघण्यापूर्वी तिकडे फोन करून विचारा, त्या वेळी हँगरमध्ये कोणी असेल का.