नैरोबीचा माल युगांडाला शून्य ड्युटीने जातो, मग टांझानिया, झांबिया, घानाला का नाही?

सांगलीकर_नैरोबीत:
नमस्कार मंडळी. नैरोबीच्या इंडस्ट्रियल एरियात एका छोट्या कारखान्याचं एक्स्पोर्टचं काम बघतो. गोळ्या, टॉफी आणि बिस्किटं. आजवर सगळा माल मलाबाच्या सरहद्दीवरून युगांडात कंपालाला जायचा आणि ड्युटीचा विषयच निघायचा नाही. आता अरुशा (टांझानिया), लुसाका (झांबिया) आणि अक्रा (घाना) अशी तिन्हीकडून चौकशी आलीय. मालक म्हणतात, अख्ख्या आफ्रिकेचा मुक्त व्यापार करार झालाय, सगळीकडे शून्य धर आणि भाव कळव. पण अरुशाचा व्यापारी विचारतोय, साखर कुठली वापरता? लुसाकाच्याला कोमेसाचं, म्हणजे पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांच्या व्यापारगटाचं, सर्टिफिकेट हवंय. साखर आम्ही बाहेरून येणारी, औद्योगिक वापराची घेतो. जाणकारांनी कृपया सांगावं, भाव कसा काढू?

किलिंदिनी:
भाव अजून कळवू नकोस. मी मोंबासा बंदरात कस्टम्समधून माल सोडवायचं, म्हणजे क्लिअरिंगचं काम बरीच वर्षं केलंय, आणि अरुशाच्या माणसाने विचारलेला प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

केनिया, युगांडा आणि टांझानिया पूर्व आफ्रिकी समुदायात आहेत. त्यांचा कस्टम्स युनियन २००५ला सुरू झाला. केनियाच्या मालावरची ड्युटी तिथे टप्प्याटप्प्याने उतरत २०१०ला शून्यावर आली. पण ही शून्य ड्युटी फक्त समुदायातच ‘घडलेल्या’ मालाला आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर सगळ्या सदस्य देशांचा दर एकच: ०, १० आणि २५ टक्के, आणि २०२२पासून काही तयार मालावर ३५. साखर यापेक्षा वेगळी. ती संवेदनशील यादीत आहे आणि तिच्यावर तब्बल १०० टक्के ड्युटी आहे. कारखान्यांना औद्योगिक साखर सवलतीच्या ड्युटीने आणता येते ती खास परवानगी घेऊन.

गाडी अडते ती इथेच. कच्चा माल सवलतीत आणलास, त्याच्या गोळ्या केल्यास आणि त्या शेजारी देशात शून्य ड्युटीने विकल्यास, तर तिथला कारखानदार म्हणणारच की मी साखरेला पूर्ण पैसे मोजतो, मग याला फुकट प्रवेश का? त्याचं म्हणणं मला तरी रास्त वाटतं. २०१८मध्ये नेमकं हेच झालं. टांझानिया आणि युगांडाने केनियाच्या गोळ्या, चॉकलेट, च्युइंगगम, ज्यूस यांवर २५ टक्के लावले, आणि मग तिन्ही देशांची माणसं एकत्र कारखाने तपासत फिरली. म्हणजे युगांडाचा रस्ताही कायमचा मोकळा समजू नकोस. साखर कुठल्या परवानगीवर आली, किती आली, कुठल्या बॅचमध्ये गेली, याची नोंद आजपासून ठेव. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठे घडला याचा दाखला, केनिया रेव्हेन्यू अथॉरिटी देते, आणि तिथेही हेच कागद लागतात.

लुसाकाचं तुलनेने सोपं आहे. टांझानिया २०००मध्ये कोमेसातून बाहेर पडला, पण केनिया आणि झांबिया दोघेही त्यात आहेत, आणि त्याच साली सुरू झालेल्या कोमेसाच्या मुक्त व्यापार क्षेत्रातही पहिल्यापासून. तिथल्या शून्य ड्युटीला मूल्यवृद्धीने पात्र ठरायचं असेल, तर कारखान्यातल्या खर्चाच्या किमान ३५ टक्के मूल्य तुमच्याकडे वाढलेलं दाखवावं लागतं. मजुरी, वीज, देखभाल यांचा हिशोब नीट मांडला तर गोळ्या-बिस्किटांना ते अवघड नाही. गाडी मात्र नमांगाच्या सरहद्दीवरून टांझानियात शिरेल आणि टुंडुमा-नाकोंडेच्या सरहद्दीवरून झांबियात उतरेल. टांझानियात ती ट्रान्झिट बॉन्डवर, म्हणजे माल तिथे न विकता पुढे नेण्याच्या हमीवर असते, त्यामुळे वाटेत माल उतरवून पॅकिंग बदलण्याच्या फंदात पडू नका.

अनघा_बुसिया:
किलिंदिनीदादांनी साखरेचं सांगितलं, मी सरहद्दीचं सांगते. मी केनिया-युगांडा सरहद्दीवर बुसियाला छोट्या व्यापारी बायकांबरोबर काम करते. वाळवलेली ओमेना मासळी, कडधान्यं, जुने कपडे असं डोक्यावर किंवा सायकलवर घेऊन त्या ये-जा करतात. २,००० डॉलरपर्यंतच्या ठरलेल्या मालाला सरहद्दीवरच साधं ओरिजिन सर्टिफिकेट मिळतं, हे बऱ्याच जणींना कोणी सांगितलेलंच नसतं. मग त्या मध्यस्थाला पैसे देतात, नाहीतर चोरवाटेने, म्हणजे इथल्या भाषेत पान्या रूटने जातात, आणि तिथे माल लुटला जायची भीती असते. ज्या सवलतीवर त्यांचा हक्क आहे ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही, याचा मला फार त्रास होतो.

अजून एक. मितुम्बा, म्हणजे जुने कपडे, नैरोबीत विकत घेतले म्हणून केनियाचे होत नाहीत. त्यांना ही सवलत नाही. नैरोबीतल्या ईस्टलीच्या बाजारातून घेतलेल्या चिनी मालाचंही तेच.

सांगलीकर_नैरोबीत:
दोघांचेही मनापासून आभार. अक्राचं राहिलं. घाना कशातच आमच्याबरोबर नाही ना?

किलिंदिनी:
तिथेच खंडाचा करार कामाला येतो. २०१८मध्ये किगालीला सह्या झाल्या, १ जानेवारी २०२१पासून व्यापार सुरू झाला, सचिवालय अक्रातच आहे. २०२२मध्ये चाचणी म्हणून मोजक्या देशांत माल गेला, तेव्हा केनियाने घानाला गाडीच्या बॅटऱ्या आणि चहा पाठवला. मला तेव्हा फार आनंद झाला होता. मोंबासाहून जहाजं युरोपला आणि आखातात जाताना पाहत आलो, पश्चिम आफ्रिका मात्र कायम दूरच राहिली होती.

पण तुझ्या मालकांना सांग, सगळं शून्य झालेलं नाही. ९० टक्के मालावरची ड्युटी ५ ते १० वर्षांत हळूहळू उतरणार आहे, ७ टक्के संवेदनशील माल म्हणून आणखी उशिरा, आणि ३ टक्के करारातून वगळलेलाच राहील. करारात बसलं नाही, तर घाना पश्चिम आफ्रिकी समुदायाचा दर लावतो: ०, ५, १०, २० किंवा ३५. तयार खाऊ सहसा वरच्या पट्ट्यांत येतो. शिवाय ड्युटी शून्य झाली तरी देशातला कर सुटत नाही. झांबियात व्हॅट १६ टक्के आहे, युगांडात आणि टांझानियात १८. भारतात आयातीवर आयजीएसटी लागतो, तसाच.

सांगलीकर_नैरोबीत:
मग अक्राला सध्या ड्युटी वगळूनच भाव देतो, आणि तिथल्या दराची चौकशी त्या व्यापाऱ्याला करायला सांगतो. त्याला काय कळवू?

किलिंदिनी:
एचएस कोड, म्हणजे कस्टम्समध्ये मालाच्या प्रकाराला असलेला क्रमांक कळव, नुसतं ‘कन्फेक्शनरी’ लिहू नकोस. साखरेच्या गोळ्या १७०४मध्ये, बिस्किटं १९०५मध्ये. टॉफीत कोको घालत असाल तर ती १८०६मध्ये जाते. तिन्हींची चौकशी वेगवेगळी करायला सांग.