मोझेलची सेंद्रिय वाइन आणि गंधक

प्रश्न (म्हापसा): जर्मनीतील मोझेलसारख्या थंड, दमट खोऱ्यात द्राक्षांवर भुरी आणि केवडा हे बुरशीचे रोग पडत असताना सेंद्रिय वाइन कशी करतात? तिच्यात गंधक नसते का?

उत्तर (फोंडा): असते. युरोपीय संघाच्या २०१२ पासूनच्या नियमांनुसार सेंद्रिय कोरड्या (म्हणजे गोड नसलेल्या) लाल वाइनमध्ये लिटरमागे १००, तर पांढरीत १५० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट (वाइन टिकवणारे गंधकाचे संयुग) चालते. केवड्यासाठी तांबे फवारतात, मात्र सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंहून अधिक नाही. त्यामुळे पावसाळी वर्षी खरी कसोटी लागते. सोलारिससारखे रोगप्रतिकारक वाण लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

उत्तर (मडगाव): ‘नॅचरल’ वाइन निराळी. आपल्या काजूच्या रसाप्रमाणे ती बाहेरचे यीस्ट न घालता आंबवतात. थंडीमुळे द्राक्षांत आम्लता टिकते, म्हणून कमी गंधकातही ती तग धरते. गोव्याच्या मे महिन्यात मात्र बाटली थंड जागीच ठेवावी.