कोराडी औष्णिक वीज केंद्राची राख घातलेले पेव्हर ब्लॉक : कडा का तुटतात?

हिंगण्यात ब्लॉक बनवतो. पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटचा २५ टक्के भाग काढून राख घातली. तिसऱ्या दिवशी उचलताना कडा तुटतात. काय चुकतंय?

— भाऊ, पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख आधीच असते. वरून आणखी घातली की सुरुवातीची ताकद पडणारच. ओपीसी ५३ (राख नसलेलं साधं सिमेंट, ५३ ग्रेडचं) घ्या.

— राख सायलोतली (वीज केंद्राच्या बंद टाकीतली) कोरडीच आणा. राखेच्या तळ्यातली जाड असते, ती वाळूच्या जागी थोडी चालेल, सिमेंटच्या जागी मुळीच नाही. सिमेंटच्या जागी घालायची राख ४५ मायक्रॉन चाळणीवर ३४ टक्क्यांहून जास्त उरू नये. न जळलेला कोळसा जास्त असला तर तो अॅडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये घालायचं रसायन) शोषतो.

— राखेची क्रिया सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्यावर चालते, तीही हळूहळू. म्हणून उचलायची घाई नको. नागपूरच्या मे महिन्यात निदान १४ दिवस ब्लॉकवर ओली पोती हवीतच, आणि ताकद २८ दिवसांनी तपासा.