नेटवर्कवरून इमेज टाकायचे दिवस संपले का? मला वाटतं हो

जुना_ॲडमिन:
आमच्याकडे परत तोच विषय निघालाय, नवीन ४० मशिन्स येणार आणि वरचे म्हणतात पीएक्सई सर्व्हर (मशीनला डिस्कऐवजी नेटवर्कवरून बूट करणारा) उभा करा, एक मशीन नीट सेट करा, त्याची इमेज (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) घ्या आणि सगळ्यांवर ढकला. माझं स्पष्ट मत, आता हे करू नये. इमेज घेतली त्या दिवशीपासूनच ती शिळी व्हायला लागते, दर महिन्याला विंडोजचे पॅच येतात, ब्राउझर बदलतो, आणि सहा महिन्यांनी इमेज टाकली की पुढचे दोन तास मशीन नुसतं अपडेट घेत बसतं. मग वाचलं काय? त्यापेक्षा मशीनमध्ये आलेलं विंडोज ठेवा आणि ऑटोपायलट, इंट्यून या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड टूल्सने सेटिंग न सॉफ्टवेअर वरून ढकला.

बूटलोडर_भाऊ:
दादा, एसएसडी उडाली तर ऑटोपायलट काय करणार? कोऱ्या डिस्कवर तो ओएस टाकत नाही, आधी विंडोज पाहिजेच. शिवाय लॅबमधल्या लिनक्सचं काय? आणि इंटरनेटची लाइन बारीक असेल तर ४० मशिन्स एकदम क्लाउडमधून ओढायला लागली की बाकी सगळ्यांचं काम ठप्प.
हिशोब बघा ना. इमेज २५ जीबीची धरा, गिगाबिट लाइनवर फार तर सेकंदाला ११० एमबी मिळतात. युनिकास्टने, म्हणजे प्रत्येकाला वेगळी प्रत, ४० मशिन्सना पाठवायची म्हणजे १००० जीबी, अडीच तास सर्व्हरची लाइन पूर्ण जाम. मल्टिकास्टने तोच डेटा एकदाच जातो आणि सगळे एकदम घेतात. क्लोनझिला, फॉग या दोन्ही इमेजिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, फुकट आहे.

जुना_ॲडमिन:
मल्टिकास्टचं कौतुक कागदावर ठीक आहे हो. एक मशीन स्लो निघालं की सगळी वरात त्याच्या चालीने चालते. आणि स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (कुठल्या पोर्टला मल्टिकास्ट हवंय ते ओळखणं) नसेल तर तो ट्रॅफिक त्या व्हीलॅनच्या (स्विचवर वेगळा पाडलेला नेटवर्कचा भाग) प्रत्येक पोर्टवर जातो, ज्यांचा काही संबंध नाही त्यांनाही भोगावं लागतं.

पॅकेट_ताई:
मल्टिकास्टवर काय भांडताय, मशीन बूट होईपर्यंतच अर्धा दिवस जातो 😄 बायोस आणि यूईएफआयला (मशीन सुरू करणारं जुनं आणि नवं फर्मवेअर) वेगवेगळी बूट फाइल लागते, पण डीएचसीपीच्या (आयपी वाटणारी सेवा) ऑप्शन ६७ मध्ये कोणीतरी एकच नाव लिहून ठेवलेलं असतं आणि मग अर्धी मशिन्स उठतात, अर्धी नाही. मशीन स्वतः सांगतं की मी कुठल्या प्रकारचं आहे, ऑप्शन ९३ मध्ये, ते बघून फाइल द्यायची. डीएचसीपी नेटवर्कवाल्यांच्या ताब्यात असेल आणि ते हात लावू देत नसतील (देत नाहीतच) तर डीएनएसमास्क या छोट्या सर्व्हर सॉफ्टवेअरला प्रॉक्सी डीएचसीपी म्हणून बसवा, तो आयपी वाटत नाही, फक्त बूटची माहिती देतो. सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये असेल तर राउटरवर आयपी हेल्पर (डीएचसीपीची विनंती पलीकडे पोचवणारी सेटिंग) पण लागेल.
टीएफटीपी (बूट फाइल उतरवायचा प्रोटोकॉल) तर मुळातच रडका. मूळ ब्लॉक ५१२ बाइटचा, एक पाठवला की पोच येईपर्यंत थांबायचं. ब्लॉकसाइज वाढवता येतो, पण मी तर टीएफटीपीने फक्त आयपीएक्सई (पीएक्सईचा सुधारित बूटलोडर) उतरवते आणि पुढचं सगळं एचटीटीपीने, फरक लगेच कळतो.

सुरक्षित_राहा:
सिक्युरिटीबद्दल कोणीच बोलत नाहीये. पीएक्सईमध्ये मशीनला कळतच नाही की उत्तर देणारा सर्व्हर खरा की खोटा, जो आधी बोलला त्याचं ऐकलं. त्यात आयपीएक्सई स्वतः कंपाइल केलं की सिक्युअर बूट (सही नसलेला बूट कोड रोखणारं फीचर) अडवतो, मग लोक बिनधास्त तो बंद करतात आणि परत चालू करायचं विसरतात. वर उत्तरफाइलमध्ये (इन्स्टॉलच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप देणारी फाइल) ॲडमिनचा पासवर्ड. काय बोलायचं.

बूटलोडर_भाऊ:
@सुरक्षित_राहा मान्य, पण त्यावर उपाय आहेत, डिप्लॉयमेंटचा व्हीलॅन वेगळा ठेवा आणि काम झालं की पोर्ट परत नेहमीच्या व्हीलॅनमध्ये. आणि २०२४ च्या जुलैमधला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या सदोष अपडेटचा गोंधळ आठवा, सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स निळ्या स्क्रीनवर. मायक्रोसॉफ्टने दिलेल्या रिकव्हरी टूलमध्ये पेनड्राइव्हसोबत पीएक्सईचा पर्याय पण होता. ज्यांच्याकडे नेटवर्क बूट तयार होतं त्यांना पेनड्राइव्ह घेऊन टेबलाटेबलावर फिरायची गरज नव्हती.

जुना_ॲडमिन:
ठीक, नेटवर्क बूटला माझा विरोध नाहीच, सगळं कोंबून फुगवलेल्या इमेजला आहे. लोक सिसप्रेप (इमेज घेण्याआधी मशीनची ओळख पुसणारं विंडोजचं टूल) न करता क्लोन मारतात, सगळ्या मशिन्सचा एसआयडी (विंडोजचा ओळख क्रमांक) एकच. वर्षानुवर्षं चालून गेलं, २०२५ च्या विंडोज अपडेट्सनंतर अशाच मशिन्सचं एकमेकांशी लॉगिन अडकायला लागलं, तेव्हा जागे झाले.

पॅकेट_ताई:
मग पातळ इमेज ठेवा ना, नुसतं ओएस आणि ड्रायव्हर, बाकीचं नंतर स्क्रिप्टने. दोघांचंही समाधान.

बूटलोडर_भाऊ:
पातळ इमेज चालेल, पण लॅबमध्ये एकेक सॉफ्टवेअर ३० जीबीचं असतं, ते ४० मशिन्सवर स्क्रिप्टने टाकायचं म्हणजे परत तीच युनिकास्टची जाम लाइन. तिथे मी जाडच इमेज ठेवणार.

जुना_ॲडमिन:
लॅबपुरतं ठेव बाबा. ऑफिसच्या लॅपटॉपना मात्र मी हात लावू देणार नाही. त्यांना तर लॅनचं पोर्टच नसतं, एकच यूएसबी डोंगल सगळ्यांना फिरवायचा, आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) डोंगलचा, म्हणजे सर्व्हरला वाटतं तेच मशीन परत आलं.

पॅकेट_ताई:
नोंद मॅकवर नको, यूयूआयडीवर (मशीनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ठेव. बायोसमध्ये मॅक पास-थ्रू (डोंगलऐवजी लॅपटॉपचा मॅक वापरणं) असेल तर तो पण चालू कर, बऱ्याच बिझनेस मॉडेलमध्ये असतो.