मदत हवी आहे : शिस्तप्रिय यंत्रमानव अधिकाऱ्याचा स्वभाव कसा रंगवावा?

मी लिहीत असलेल्या विज्ञानकथेत नियमावर बोट ठेवून चालणारा एक कडक यंत्रमानव अधिकारी आहे आणि त्याच्या स्वभावाबाबत मला जाणकारांचा सल्ला हवा आहे. नमुना म्हणून १९८४ मधील ‘ट्रान्सफॉर्मर्स’ खेळण्यांतला प्राउल माझ्यासमोर आहे. पोलिसांच्या गाडीचे रूप घेणारा हा ऑटोबॉट (म्हणजे त्या खेळण्यांतील सज्जन यंत्रमानवांच्या गटातला) व्यूहरचनाकार बोलतो कमी, ऐकतो जास्त आणि हाती घेतलेले काम तडीस नेल्याशिवाय सोडत नाही. मात्र अनपेक्षित काही घडले की त्याच्या तर्कयंत्रणेचा पार गोंधळ उडतो, असे त्याच्या खोक्यावरील परिचयातच नमूद आहे. मला हीच उणीव मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे त्याची शिस्त हा निव्वळ ताठा न राहता त्याची गरज ठरते. (हडेलहप्पी हवालदार मला नको आहे.)

अडचण अशी, की रीतसर आलेला, पण उघड चुकीचा आदेश मिळाल्यावर असा अधिकारी काय करील? तो आदेश पाळून मागाहून लेखी आक्षेप नोंदवील, की दोन नियमांच्या कात्रीत सापडून जागच्या जागी थिजेल? त्याच्या तोंडी तुटक, आज्ञार्थी वाक्ये शोभतील की कार्यालयीन मराठी, हेही कृपया सुचवावे.